टक्केवारी

डांबर संपतं तिथे ट्रॅक्टरचा जुना टायर,
त्यावर पांढऱ्या रंगाचा बाण.
पुढे सहा मैल तांबडी माती,
काल वितळलेल्या बर्फाने लोण्यासारखी झालेली.
न्यू मेक्सिकोतला फेब्रुवारी असाच :
सावलीत हिवाळा, उन्हात बाह्या वर.
दर शनिवारी गॅलपहून मी व्हॅनभर माणसं आणतो
आणि दर शनिवारी कुणीतरी विचारतंच,
चावतात का हो?

फाटकाशी डेल्फीना आपोडाका.
जॅकेटला ब्लीचचा आणि कच्च्या कोंबडीचा वास,
उजव्या हाताला चार बोटं.
"हे त्यांनी नाही केलं," कुणी विचारायच्या आत सांगते,
"गवत कापायच्या यंत्राने केलं."

नियम तीन.
डोळ्यांत डोळे घालायचे नाहीत.
जाळीत बोट घालायचं नाही.
आणि कृपा करून, कुणीही हूऽऽऽ असा हेल काढून दाखवायचा नाही.

(कुणीतरी काढतोच. आज ओक्लाहोमाचे एक दाढीवाले आजोबा.
चाळीस माना एकदम वर झाल्या,
चाळीस माना परत खाली गेल्या.
आजोबा बराच वेळ बुटाची नाडी बांधत राहिले.)

प्रत्येक कुंपणावर पाटी. नाव, साल, कुठून :
टेक्सास, गॅरेजमधून.
नेवाडा, साखळीसकट.
रोवेना विकली गेली 'नव्वद टक्के लांडगा' म्हणून,
रक्त तपासलं तर निघाली हस्की, शेफर्ड
आणि चिमूटभर कोण जाणे काय.
मालकाने आधी पैसे परत मागितले,
मग तिला इथे सोडलं.

"टक्के माणसं मोजतात," डेल्फीना म्हणते.
"मी शेपूट बघते.
कुत्र्याचं वाकडं, लांडग्याचं सरळ खाली.
यांचं सकाळी एक, संध्याकाळी दुसरं."

सगळ्यांच्या मागे, टूसॉनहून आलेला टकर लिंडक्विस्ट.
माझ्या व्हॅनमध्ये कधी बसत नाही.
फ्रीज दुरुस्तीच्या स्वतःच्या गाडीतून येतो,
वर्षातून एकदा, रात्रभर गाडी हाकत.
अकराव्या कुंपणात त्याचा बिस्किट आहे.
हो, बिस्किट. पंचेचाळीस किलोंचा, पिवळ्या डोळ्यांचा.
लेक तीन वर्षांची होती, नाव तिने ठेवलं.
त्याने आधी सोफा खाल्ला, मग दार,
मग दाराशेजारची भिंत,
मग घरमालकाचं पत्र आलं.

मागची चार वर्षं मी बघतोय :
टकर जाळीपाशी उकिडवा बसतो, नाव घेतो,
बिस्किट टेकाडामागून उठून आणखी लांबच्या टेकाडामागे जातो.
टकर म्हणतो, बरंच आहे की. छान आहे. रमलाय.
आणि कंपनीची टोपी उगाच नीट करतो.

या वर्षी काखेत एक उशी.
त्याच सोफ्याची. एक कोपरा आधीच कुरतडलेला.
डेल्फीनाने चेन तपासली, बटणं तोडली,
उशी वरून आत टाकली.

तो आला.
आमच्याकडे नाही, उशीकडे.
हुंगली. खूप वेळ हुंगली, इतका वेळ
की दाढीवाल्या आजोबांनीही टोपी काढली.
मग पंजा ठेवला, मान झटकली
आणि फाडलीन. मनापासून, आडवी-उभी,
झुडपांवर, काळ्या दगडांवर, स्वतःच्या नाकावर फोमच फोम.

"बघा! बघा!" टकर ओरडला,
"अगदी असंच! शिवणीपासून! नेहमी शिवणीपासून!"
एवढ्या आनंदाने कुणी स्वतःचं नुकसान सांगताना
मी तरी पाहिलेलं नाही.

फोम पोटात गेला तर ऑपरेशन, तीन हजार डॉलर.
म्हणून डेल्फीना आत शिरली, वाकून वाकून वेचू लागली
आणि एकेक तुकडा चार बोटांनी जाळीतून बाहेर देऊ लागली.
टकर घेत होता.
नियम कुणालाच आठवला नाही.
मी हॉर्न वाजवायचा राहिलो.
त्याचे दोन्ही खिसे फुगले,
मग त्याने टोपी उलटी धरली.